मिसरच्या बाईंचं कोपर

गोरेगावच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा पहिले काही आठवडे माझी पक्की समजूत होती की सेनगाव तालुक्यात कुठेतरी एका बाईचे फार हाल चालले आहेत.

मी हिंगोलीहून रोज जीपनं जायची. एसटीची वेळ माझ्या शाळेशी जुळत नसे, म्हणून स्टँडाबाहेरच्या काळ्यापिवळ्या जीपा बघायला लागायच्या. पहिल्या दिवशी जिच्यात बसले तिचा ड्रायव्हर साठीकडे झुकलेला होता. कडक इस्त्रीचा पांढरा सफारी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि पानटपरीवर उभं राहावं तशी सगळ्यांकडे तोंड करून बसायची सवय. गाडी भरली तसा तो एकदाचा समोर वळला, आरसा नीट केला आणि विचारलं, "काल कुठवर आल्तो?"

मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली, "बाईनं नवऱ्याचं सामान रस्त्यावर फेकलं, तिथवर."

"बराबर," तो म्हणाला, आणि गाडी निघाली.

गोरेगाव येईपर्यंत मी ऐकत राहिले. त्या बाईंचा नवरा सकाळी परत आला होता आणि गल्लीत उभा राहून गाणं म्हणत होता. शेजारणी खिडक्यांत. बाईंनी वरून बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी कळलं की बाई रोज संध्याकाळी कामाला बाहेर जातात म्हणून त्यांची आई त्यांच्याशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी दिराचा डोळा दागिन्यांवर. कुणाच्या घरातलं कुणी असं भर जीपमध्ये बोलावं याचा मला राग यायचा, आणि पुढं काय झालं ते कळल्याशिवाय उतरवतही नसे. शेवटी न राहवून एक दिवस मी सांगितलं की अशा बायकांना मदत करणारं केंद्र हिंगोलीत आहे, त्या येणार असतील तर मी स्वतः सोबत जाईन.

ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमचे उपकार व्हतील," तो म्हणाला. "पन बाई काहिऱ्याला राह्यतेत."

काहिरा कोणत्या तालुक्यात येतं, असं मी विचारलं.

मागून गोरेगावच्या खत-बियाण्याच्या दुकानाचे अण्णा गंभीरपणे म्हणाले, "मिसर तालुका."

त्या दिवशी मला कळलं की काहिरा म्हणजे कैरो, मिसर म्हणजे इजिप्त, आणि बाई म्हणजे त्या देशातली एक नामांकित नटी आहे. नाटकात आणि सिनेमात तिनं अख्खं आयुष्य काढलंय, आणि हिंगोली ते गोरेगाव या रस्त्यावर तिचं चरित्र रोज थोडं थोडं सांगितलं जातं. आयुष्य संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मागच्या बाकावरची म्हातारी, जिला सगळे याडी, म्हणजे बंजारा बोलीत आई, म्हणायचे, ती तांड्यावरून येऊन ते तिसऱ्यांदा ऐकत होती. तिला हिंगोलीत काही काम नसायचं. ती जायची आणि त्याच गाडीनं परत यायची.

ड्रायव्हरकाका गोरेगावचेच. तरुणपणी हैदराबादच्या एका एजंटामार्फत कुवेतला गेले होते. तिथून आल्यावर बोलण्यात सारखं मिसर, मिसर यायला लागलं. गावातल्या बायकांना वाटलं हा माणूस मिसरी आणतो, दात घासायची, तंबाखूची. त्या डब्या घेऊन दारात यायला लागल्या. मिसरी न्हाई, मिसर, असं सांगून सांगून ते थकले आणि त्यांचं नाव मिसरीवालेच पडलं. मी त्यांना नुसतं काका म्हणायची.

त्यांच्या जीपचे काही नियम होते. ड्रायव्हरच्या शेजारी बाकीच्या गाड्यांत दोन-तीन माणसं कोंबतात. काकांच्या गाडीत तिथं एकच जण, आणि तीही बाई. पुरुष कितीही मोठा असो, मागं. बाई कुवेतला आल्या तेव्हा माझ्या गाडीत याच जागेवर बसायच्या, असं ते म्हणत. गोष्ट चालू असताना थांबा आला तर प्रवाशानं उतरायचं का ऐकायचं हे स्वतः ठरवायचं, ते विचारत नसत. पुसेगावचे कितीतरी लोक गोरेगाव बघून आले ते यामुळेच. आणि तिसरा नियम, बाईंचं नाव सांगायचं नाही. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांना ते फार आवडलं नाही. बाईमाणसाचं नाव गाडीत घेत नाहीत, एवढंच म्हणाले.

नरसीला देवदर्शन करून भाविक चढायचे तेव्हा गंमत व्हायची. त्यांना मागचं काही ठाऊक नसे. "मंग बाईनं सगळं सोडलं आन् एकली निघाली," हे वाक्य कानावर पडलं की एखादी म्हातारी हात जोडायची. पुढं बाईंनी सिगारेट पेटवली तरी हात सुटत नसत.

बाईंचा जन्म कालव्याकाठच्या एका खेड्यातला. तिकडं सगळा कापूस. बाप जिनिंगमध्ये वजनकाट्यावर. नाईल नदी कशी आहे, असं याडीनं विचारलं होतं, तर काका म्हणाले, आपल्या कयाधूसारखीच, फक्त उन्हाळ्यातही पाणी असतं. त्यामुळे आमच्या जीपमधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे बाईंचं गाव अगदी स्पष्ट होतं. ते साधारण सेनगावच्या अलीकडे होतं.

मावशीबरोबर शहरात आलेली ती मुलगी एका नाटक कंपनीत शिरली. पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. पडदा उघडायचा, ही मधोमध पांढऱ्या चादरीखाली, आणि नायक तिच्या उशाशी बसून लांबलचक विलाप करणार. पहिल्याच प्रयोगाला चादरीची धूळ नाकात गेली आणि प्रेताला शिंक आली. नायक हुशार होता. त्यानं विलाप न थांबवता "देव तुझं भलं करो" असं म्हटलं, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे प्रेतानं त्याचे आभार मानले. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडले. मालकानं तिला हाकललं. दुसऱ्या दिवशी लोक तिकिटाच्या खिडकीवर येऊन विचारायला लागले की शिंकणारं प्रेत आज आहे का. मग तिला घरून बोलावून आणलं. त्या नाटकात ती पुढं वर्षभर रोज मरत होती आणि रोज शिंकत होती.

हा भाग सांगताना काका स्वतः शिंकायचे. अशी हुबेहूब शिंक यायची की नवा प्रवासी रुमाल काढून द्यायचा.

पुढं सिनेमे आले. बाई आधी नायिकेची मैत्रीण झाली, मग नायिका, मग नायकाची आई, मग त्याच नायकाची आजी, आणि तो नायक मात्र तेवढ्याच वयाचा राहिला. लग्नं तीन. पहिलं त्या विलाप करणाऱ्या नटाशी, दुसरं एका गवयाशी, आणि गवयाला सोडल्यावर तिसरं पुन्हा त्याच नटाशी. यावरून आमच्या गाडीत कायमचे दोन तट पडले होते. अण्णांचं म्हणणं, नवरे तीन. लग्न लागलं की नवरा धरायचाच. याडी म्हणायची, दोन. तोच माणूस परत आला तर तो नवा कसा होईल, बैल बाजारातून परत आणला तर दोन बैल होतात काय. एकदा हा वाद इतका पेटला की अण्णा पुसेगावलाच उतरले आणि आठवडाभर दुसऱ्या जीपनं गेले. मग परत आले. त्या जीपमध्ये नुसती गाणी लावतात, असं कुरकुरले.

खरं तर अण्णांचा काकांवर विश्वास नव्हता. हा माणूस कुवेतला गेला असेल, पण नटीबिटी सगळी बनवाबनवी आहे, असं ते मला शाळेच्या फाटकाशी हळू आवाजात सांगायचे. मीही फोनवर शोधून बघितलं. इजिप्तमध्ये म्हाताऱ्या नट्या पुष्कळ निघाल्या आणि प्रत्येकीची दोन-तीन लग्नं झालेली. काकांनी फोनवर तिचा एखादा सिनेमा दाखवावा, असं मी सुचवलं. ते बघायला तयार नव्हते. इतक्या मोठ्या बाईला तळहातावर काय बघायचं, म्हणाले.

पुरावा म्हणून त्यांच्याकडे एकच फोटो होता. सन व्हायझरमागे प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला. पांढरी मोठी गाडी, तिच्याजवळ मिशा काळ्या असलेले तरुण काका ताठ उभे, आणि गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेलं एक कोपर. बाकी बाई सावलीत गेलेली. काका तो फोटो दोन्ही हातांनी द्यायचे. अण्णा म्हणायचे, असं कोपर माझ्या बहिणीलाही आहे.

बाईंची नाटक मंडळी तेव्हा कुवेतला दौऱ्यावर आली होती. काकांच्या मालकानं त्यांना सांगितलं, हॉटेलवर जा आणि मॅडमला घेऊन ये. तेवढे दिवस काकांनी बाईंना बाजारात, शिंप्याकडे, समुद्रावर फिरवलं. नाटक त्यांना बघायला मिळालं नाही, ते गाड्यांच्या तळावर थांबायचे. पण आतून लोकांचं हसणं ऐकू यायचं, आणि कोणतं हसणं कशाला हे ते नंतर ओळखायला लागले होते. बाई गाडीत बसल्या की आपली कहाणी सांगायच्या. काका मोडक्या अरबीत विचारायचे, पुढं काय झालं. बाईंना आपले हिंदी सिनेमे फार आवडायचे. त्यांनी आपल्या उंच हिरोबद्दल विचारलं, तुम्ही त्याला ओळखता का. काकांच्या तोंडून निघून गेलं की हो, त्याचं शेत आमच्या शेताला लागून आहे, बांधाला बांध.

एवढं सांगताना काका दरवेळी गाडीचा वेग कमी करायचे. "बाईंशी तेवढं एकच खोटं बोल्लो," म्हणायचे. "अजून तकलीफ व्हते."

मग गेल्या उन्हाळ्याच्या आधी एका सकाळी त्यांनी आरसा नीट केला, किल्ली फिरवली, आणि काहीच विचारलं नाही. गाडी गावाबाहेर आली. सगळे वाट बघत होते. शेवटी याडीच म्हणाली, "आरं, बाई गवयाच्या घरातून निंगाली तिथवर आल्तो."

काका समोर बघत म्हणाले, "बाई गेल्या."

गवयाला सोडून गेल्या असं आम्हाला आधी वाटलं. मग त्यांचे खांदे हलताना दिसले. कुवेतला अजून असलेल्या त्यांच्या एका केरळी दोस्ताचा रात्री फोन आला होता. तिकडच्या सगळ्या बातम्यांत तेच होतं.

याडीनं ओढणी तोंडावर ओढून तांड्याच्या रीतीनं हेल काढून रडायला सुरुवात केली आणि पुसेगावला चढलेल्या दोन अनोळखी बायकांनी, कोण गेलं हे न विचारता, तिला साथ दिली.

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी काढली नाही. गावातल्या न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरून आले. न्हाव्यानं विचारलं कोण वारलं, तर म्हणाले, मिसरचं माणूस. घरी काकू पिठाची गिरणी चालवायच्या. त्या पिठानं पांढऱ्या झालेल्या अंगानं बाहेर आल्या आणि त्या गुळगुळीत डोक्याकडे बघत उभ्या राहिल्या. तुमची माय गेली तेव्हाही तुम्ही इतके रडला नव्हता, एवढं बोलून परत आत गेल्या आणि त्या दिवशी सगळ्यांचं दळण जाडंभरडं निघालं.

फ्लेक्स लावायची कल्पना अण्णांची. विश्वास नसला तरी माणूस खचलेला त्यांना बघवत नव्हतं. फाट्यावर भलामोठा फ्लेक्स लागला. मिसरच्या बाई यांना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल, समस्त प्रवासी वर्ग, हिंगोली–गोरेगाव मार्ग. खाली रांगेनं आमचे सगळ्यांचे फोटो, त्यात आरशांची चोळी घातलेली याडी आणि ओळखपत्रातला माझा. आणि वर मधोमध, दोन समयांच्या मध्ये, हार घातलेल्या गोल चौकटीत, ते कोपर. दुसरा फोटोच नव्हता.

त्याच आठवड्यात एक पुढारी लग्नाला जाताना तिथून चालले होते. फ्लेक्स दिसला की थांबायचं ही त्यांची सवय. उतरले, हात जोडले, दोन मिनिटं डोळे मिटले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की बाईंच्या जाण्यानं तालुक्याचं न भरून येणारं नुकसान झालं आहे. फोटोत नुसता हात का, असं त्यांच्या बरोबरच्या माणसानं हळूच विचारलं. अण्णांनी तितक्याच हळू सांगितलं की तेवढाच मिळाला. त्या माणसाचा चेहरा पडला. जाता जाता पुढारी काकांच्या पाठीवर हात ठेवून गेले.

काकांना तेरावं घालायचं होतं. बाई तिकडच्या धर्माच्या, त्यांचं चाळीसावं असतं, असं अण्णांनी लक्षात आणून दिलं. बराच खल झाल्यावर दोन्ही करायचं ठरलं. तेराव्याचं जेवण काकांच्या अंगणात होतं. ज्वारीच्या भाकरी, वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी. काकू सकाळपासून चुलीपाशी, कुणाशी न बोलता. आमची पंगत बसली, पानं वाढून झाली आणि काकांचा फोन वाजला. त्यांनी बाजूला जाऊन ऐकला. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"मेल्या न्हाईत," ते म्हणाले. "खोटी बातमी व्हती."

पानातली बुंदी सगळ्यांच्या हातातच राहिली. जिवंत माणसाच्या तेराव्याचं खावं का, यावर अण्णा आणि शेजारचे एक भजनी बुवा आपापसांत हलक्या आवाजात बोलायला लागले. तेवढ्यात काकू भाजीचं पातेलं घेऊन पंगतीत आल्या.

"शिजलेलं वाया जानार न्हाई," त्या म्हणाल्या. "वाढदिवस समजा आन् जेवा."

आम्ही जेवलो. दोस्तालाही हे आजच कळलं होतं, त्यानं फोनवर बाईंची मुलाखत पाठवली होती. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा बाईंना तळहातावर घेतलं. मग तो फोन पंगतीतून हातोहात फिरला. मोठ्या खुर्चीत बसलेली, केस लालसर रंगवलेली एक जाड म्हातारी भयंकर चिडून बोलत होती. काका अर्थ सांगत होते, मी मेले असं ज्यानं लिहिलं त्यानं माझ्या घरी यावं, मी त्याला चहा देते आणि मग मारते. याडीनं पडद्यावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. काका मात्र फोन परत आल्यावर बराच वेळ बघत बसले. वय झालं, एवढंच म्हणाले.

इथंच सगळं थांबलं असतं. पण अण्णांना आता संधी मिळाली होती. त्यांनी त्या मुलाखतीखाली आमच्या फ्लेक्सचा आणि पंगतीचा फोटो टाकला, फोनकडूनच अरबी करून घेतलं आणि सरळ विचारलं, आमच्या गावचे हे ड्रायव्हर म्हणतात की कुवेतमध्ये तुम्ही त्यांच्या गाडीत बसला होता, तर हे कोपर तुमचं आहे काय?

उत्तर येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पण मेल्याच्या बातमीनं बाई परत गाजत होत्या. त्यांची नात त्यांच्या छोट्या छोट्या चित्रफिती काढून फोनवर टाकायची, आणि त्यातली एक निघाली ती आमच्यावर. सकाळच्या फेरीला अण्णांनी ती आणली. काकांनी गाडी नरसीच्या अलीकडे कडुलिंबाखाली उभी केली. आम्ही सगळे पुढं वाकलो.

बाई आमच्या फ्लेक्सकडे बघून खूप हसल्या. डोळे पुसले. चष्मा चढवून पुन्हा जवळून बघितलं आणि मग हसायच्या थांबल्या. काहीतरी बोलल्या, बराच वेळ.

फीत संपली.

त्या जीपमध्ये काकांशिवाय अरबी येणारं कुणी नव्हतं. अण्णांच्या फोननं केलेलं मराठी आम्ही आधीच वाचून बघितलं होतं, त्यात बाई कुठल्यातरी सुईबद्दल आणि एका जळालेल्या शर्टाबद्दल बोलत होत्या, कुणाला अर्थ लागला नव्हता. काका म्हणाले असते की बाईंनी ओळखलं, नमस्कार सांगितलाय, तर आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. अण्णांनीसुद्धा.

"बाई म्हन्तेत," काका म्हणाले, "हे कोपर माझं न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, मध्ये मध्ये थांबून योग्य शब्द शोधत. त्या कोपराच्या वर इस्त्रीचा एक जुना चट्टा आहे. तो बघून बाईंनी हात ओळखला. तो त्यांच्या कपडेवालीचा हात होता. नाटकाचे कपडे शिवणारी, इस्त्री करणारी, बाईंना तयार करणारी पोरगी. बाई तिला सुई म्हणायच्या. दौऱ्यात बाजारहाटाला, शिंप्याकडे तीच जायची, बाई स्वतः हॉटेलातून फक्त नाटकापुरत्या, मंडळींच्या बसमधून निघायच्या. त्या दौऱ्यानंतर सुई नोकरी सोडून गेली. का गेली, कुठं गेली, बाईंना माहीत नाही. तुमच्या ड्रायव्हरला काही ठाऊक असेल तर मला कळवा, असं बाईंनी म्हटलं होतं.

मग अण्णांनी, ज्यांनी हे सगळं घडवून आणलं होतं, पुढं वाकून काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की तुम्ही बोललात ते सगळं खरं होतं, आज मला पटलं. काकांना ते कशाबद्दल बोलतायत हेच कळलं नाही.

"पन ती तर म्हनायची, बाईंनी असं केलं, बाईंनी तसं केलं," ते म्हणाले. "मला वाटलं मोठे लोक तसंच बोल्तेत. आपले पुढारी न्हाई का, भाऊंनी रस्ता केला, भाऊंनी पानी आनलं, आन् भाऊ म्हंजे तेच ऱ्हातेत."

त्या दिवशी मला शाळेत उशीर झाला आणि मी हजेरी घेताना दोनदा चुकले. मोठी नटी ड्रायव्हरच्या शेजारी कशाला बसेल, हे माझ्यासारखीला इतकी वर्षं सुचू नये. आणि तरीही शिंक खरी होती, गवई खरा होता, बादलीभर पाणी खरं होतं. नंतर आम्ही ताडून बघितलं, बाईंच्या मुलाखतींत ते सगळं आहे. फक्त नवरे किती यावर तिकडेही एकमत नाही.

काकूंना हे कळलं तेव्हा आम्हाला वाटलं त्या हसतील, निदान सुटकेचा निःश्वास टाकतील. झालं उलटंच. त्यांनी त्या दिवशी गिरणी बंद ठेवली आणि काकांशी बोलणं टाकलं. मी दळणाचं निमित्त करून गेले तर गिरणीच्या पट्ट्याशी खटपट करत त्या मला म्हणाल्या, "नटी व्हती तवा मला काई वाटलं न्हाई, मॅडम. नटीला आपन काय करनार. पन ही तर आपल्यावानीच निंगाली. इस्त्री करनारी." पट्टा चढला तरी त्या तिथेच हात ठेवून उभ्या होत्या. "आन् ह्येंनी तिच्या हाताचा फोटो इतकी वर्सं जपला."

काकांनी पुन्हा गाडी सुरू केली. पण आता बाईंची गोष्ट त्यांच्यानं सांगवेना. बाई स्वतःच फोनवर सगळं सांगतात, माझं काय काम, म्हणायचे. दोन-तीन दिवस जीप इतर जीपांसारखी नुसती गेली आणि आली. मग याडी म्हणाली, "मंग त्या सुईचंच सांग की."

काका म्हणाले, सांगण्यासारखं काही नाही. तरी त्यांनी सुरुवात केली. तिला गाडी लागायची, म्हणून ती पुढं बसायची. खिडकी उघडी ठेवून हात बाहेर टाकायची, वारा लागला की बरं वाटतं म्हणायची. पर्समध्ये लिंबू असायचं. हसताना तोंडावर हात धरायची. समुद्रावर गेली तरी पाण्यात उतरायची नाही, चपला हातात घेऊन कोरड्या वाळूतून चालायची. शेवटच्या दिवशी विमानतळावर तिनं काकांच्या सफारीचं तुटलेलं बटण गाडीतच लावून दिलं आणि दातानं दोरा तोडला. एवढंच. बाकी सगळा वेळ ती बाईंबद्दलच बोलत होती. काकांनी स्टेअरिंगवर हात ठेवून खूप आठवून बघितलं. नरसीसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी याडीनं पुन्हा तेच सांगायला लावलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती गोष्ट वाढत नव्हती. काका तिच्यात एक शब्द घालत नसत. नरसीअलीकडचा तो कडुलिंब आला की गोष्ट संपायची. एकदा एका भाविक म्हातारीनं विचारलं, आता ती कुठं असते. जिवंत असेल का, हेच कळायला मार्ग नाही, असं काका म्हणाले. तिची बातमी कुणी छापणार नाही. खोटीसुद्धा नाही.

माझी बदली हिंगोलीला झाली त्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी जीपपाशी आले तर पुढच्या जागेवर काकू बसलेल्या. नवं लुगडं, केसांत थोडं पीठ राहिलेलं. काका तिकडे न बघता आरसा पुसत होते. मी मागं याडीशेजारी बसले. काकूंना हिंगोलीत काय काम होतं आणि तिथून परत निघताना त्यांच्या हातात एकही पिशवी का नव्हती, हे कुणी विचारलं नाही.

गाडी निघाली. काकांचं सांगायचं की नाही असं झालं होतं. याडीनं मागून खाकरलं. मग त्यांनी सांगितलं, तेवढंच, त्याच क्रमानं, आज जरा हळू. लिंबू, वाळू, बटण. काकू समोर रस्त्याकडे बघत ऐकत होत्या. त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"लेकरंबाळं व्हती का तिला?" काकूंनी विचारलं.

काका म्हणाले, "इचारलं न्हाई."

काकूंनी काच खाली केली. वारा आत आला आणि त्यांच्या केसांतलं पीठ उडालं.

"इचारायचं असते," त्या म्हणाल्या.